एकसंध दाढ

४ फेब्रुवारी, सकाळ

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या उद्योजकांचे सुरुवातीचे दिवस कुणी टिपून ठेवत नाही, आणि मग पुढे आठवणींच्या नावाखाली वाटेल ते छापून येतं. आपल्या बाबतीत तसं नको.

पार्श्वभूमी थोडक्यात. कंपनीच्या पर्चेस खात्यात उमेद खर्ची घातली. सगळा जन्म दुसऱ्यांनी बनवलेला माल विकत घेण्यात गेला. गेल्या वर्षी कंपनीने स्वेच्छानिवृत्ती दिली. माझी इच्छा होतीच, त्यांनी ती माझ्या आधी ओळखली इतकंच. आता स्वतः माल बनवायचा. क्षेत्र ठरलं आहे: फायबरग्लास.

विषय सोपा आहे. रेझिन म्हणून एक मधासारखं पातळ प्लास्टिक मिळतं. त्यात हार्डनर घातला की ते दगड होतं. पण नुसतं रेझिन म्हणजे लेचंपेचं, आणि नुसती काच म्हणजे ठिसूळ. काचेच्या धाग्यांची चादर, म्हणजे मॅट, रेझिनमध्ये भिजवून साच्यात थरावर थर बसवली की असा पदार्थ तयार होतो की लोखंडाने लाजावं. याला कंपोझिट म्हणतात. दोन दिवसांचा कोर्स केला आहे. सर्टिफिकेट हॉलमध्ये लावलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर जरा डोळा लागला, तेवढ्यात ‘साच्यातून माल सोडवणे’ हा भाग होऊन गेला. पण तो काही विषय नव्हे. आत घातलेली वस्तू बाहेर काढायची, त्यात काय शिकायचं.

बायकोला समजावून सांगितलं की संसारसुद्धा एक कंपोझिटच आहे. मी काचेचा धागा, म्हणजे ताकद. ती रेझिन, म्हणजे धरून ठेवणारी. ती क्लासच्या मुलांची गणितं तपासत होती. मान वर न करता म्हणाली, की तिचा हिशोब उलटा येतो. घरात चिकटून बसण्याचं काम सध्या मीच करतोय.

तिला या विषयाची पार्श्वभूमी नाही.

६ फेब्रुवारी

पहिली ऑर्डर! वर्कशॉप सुरू होण्याआधीच.

मेहुणा आला होता. बायकोचा धाकटा भाऊ, दातांचा डॉक्टर. पंधरा एप्रिलला नवा दवाखाना उघडतोय. दारात एक भलीमोठी पांढरी दाढ उभी करायची त्याची कल्पना आहे, लांबून दिसेल अशी. मी म्हणालो, मी करतो. त्याने बहिणीकडे पाहिलं. बहिणीने छताकडे पाहिलं. मग म्हणाला, बरं, करा भाऊजी.

नंतर दोघं स्वयंपाकघरात बराच वेळ कुजबुजत होते. बाहेर येऊन बायकोने निकाल सांगितला. मागची खोली तिला क्लाससाठी कधीची हवी आहे, मुलं हॉलमध्ये आणि जिन्यावर बसतात. तरी ती खोली मला मिळेल, पंधरा एप्रिलपर्यंत. दाढ दवाखान्यासमोर उभी राहिली, तर खोली कायमची माझी आणि ती या विषयावर पुन्हा अवाक्षर काढणार नाही. नाही राहिली, तर खोलीत क्लास, आणि मी भावाच्या दवाखान्यात रिसेप्शनवर. फोन घ्यायचे, पेशंटना बसवायचं.

मी मनापासून हसलो. हसताना गार पाणी डाव्या बाजूला गेलं आणि ब्रह्मांड आठवलं. त्या बाजूची दाढ हल्ली कुरकुरते. मेहुणा लगेच म्हणाला, आ करा बघू. मी म्हणालो, आधी तुझी दाढ, मग माझी.

१० फेब्रुवारी

आधी दाढीचं नव्हे, दाढेचं मॉडेल. मॉडेलवरून साचा, साच्यातून माल. असा क्रम असतो.

थर्माकोलचे ठोकळे चिकटवले, वर प्लास्टर लिंपायचं. उंची माझ्या छातीएवढी. नमुन्यासाठी मेहुण्याने प्लास्टरची छोटी दाढ दिली आहे. निरीक्षण: दाढ वर रुंद असते, मध्ये बारीक होते, खाली पुन्हा रुंद होते. डमरूच म्हणा. मुळं दोन वेगवेगळी असतात, पण मी ती एकाच घेरात घेतली. कलाकाराला तेवढी मोकळीक असते.

तीन दिवसांत मॉडेल पूर्ण. मग उरलेल्या वेळाचं काय करायचं हा प्रश्न आहे.

२२ फेब्रुवारी

मॉडेल पूर्ण.

किंचित कलतंय. नैसर्गिक दातही कलतात. वरच्या मजल्यावरचे काका बघायला आले. रिटायर्ड आहेत, वेळ जात नाही, हातात कायम पेपर आणि शब्दकोड्यासाठी पेन. बराच वेळ पाहून म्हणाले, वाळत घातलेली विजार छान जमली आहे. मेहुणा येऊन गेला. त्याने चारी बाजूंनी पाहून विचारलं, ही कुणाची आहे. मी म्हणालो, सर्वसाधारण आहे. तो म्हणाला, असं असेल तर पेशंटला लवकर बोलवा.

हे लोक हसतात. हसू देत. घोडामैदान जवळच आहे.

२६ फेब्रुवारी

सामान आलं. रेझिनचा ड्रम, हार्डनर, मॅटचा गुंडाळा, वॅक्स, ब्रश. मागची खोली आता खोली राहिली नाही, प्लँट झाली.

कोर्सवाल्यांनी दिलेली माहिती चाळली. एका ठिकाणी लिहिलंय की मध्ये बारीक असलेल्या वस्तूचा साचा दोन भागांत करावा आणि बोल्टने जोडावा. ही सूचना उघडच नवशिक्यांसाठी आहे. दोन भाग म्हटले की मध्ये जोड आला, आणि जोड दिसतो. लोक दवाखान्याच्या दारात चिरलेली दाढ बघणार का? आपला साचा एकसंध. आपली दाढ एकसंध. कंपोझिटचं मर्मच ते आहे.

बायकोला हा मुद्दा सांगितला. ती म्हणाली, दार लावून घ्या, वास येतो.

५ मार्च

रेझिनचा श्रीगणेशा.

एका मगाला हार्डनरचं अर्धं झाकण पुरतं म्हणे. पहिलंच काम, हात आखडता कशाला घ्यायचा. चार झाकणं घातली. दोन मिनिटं मग कोमट. मग गरम. मग धूर. मग मगच वाकला आणि बसला. ब्रश आत उभाच राहिला, कायमचा. उपटायला गेलो तर मग, ब्रश आणि खालचा स्टूल तिन्ही एकत्र उचलले गेले.

काका पळत खाली आले, काय जळतंय विचारायला. म्हणालो, जळत नाही, घट्ट होतंय. त्यांनी स्टूल उचलून पाहिला आणि पुन्हा ठेवला.

नुकसान: ब्रश, मग, स्टूल. पण रेझिनच्या ताकदीबद्दल आता कुणी शंका घेऊ शकणार नाही. दाढ ठणकते. मेहुण्याचा फोन, की एक्स-रे तरी काढून जा. आत्ता वेळ नाही.

९ मार्च

चूक लक्षात आली. हार्डनर जास्त होता. म्हणून आज फक्त थेंबभर.

मॉडेलभोवती मॅट गुंडाळली, वरून रेझिन मारलं. सकाळपासून वाट बघतोय. वाळत नाही. मधाच्या पोळ्यासारखं चिकट आहे. धूळ बसू नये म्हणून वर पेपर झाकला. तो काढायला गेलो तर निघेना. मी पुढे आलो, डावी चप्पल मागे राहिली.

पेपर काकांचा निघाला, अर्धं सोडवलेलं शब्दकोडं वर. ते चिडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी खुर्ची मागवली, साच्याशेजारी बसले आणि आडवा सात भरला. म्हणाले, उभे शब्द उद्या बघू.

१० मार्च

साचा चिकट. चप्पल तिथेच. काकांनी उभा तीन भरला.

१४ मार्च

वाळला! आपोआप! ऊन वाढलं तसं रेझिनने मनावर घेतलं. संयम हा उद्योजकाचा पहिला गुण.

दुसरीकडे जरा गडबड. घासकाम करताना काचेची बारीक कूस अंगावर बसते. माझे कामाचे कपडे मशीनमध्ये सगळ्यांच्या कपड्यांबरोबर गेले. आज घरभर खाजतंय. बायको फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता पाठ दाराच्या चौकटीला घासत होती. टॉवेल जिन्यातल्या मुलांनीही वापरला असावा, कारण अख्खी आठवी खाजवतेय. एका आईचा फोन आला, की मुलाला काय झालंय. बायकोने सांगितलं, भूमिती.

मग मला एक वेगळी बादली देण्यात आली. साबण वेगळा, टॉवेल वेगळा. जेवायला ताट मात्र अजून सगळ्यांच्यात आहे.

संकल्प: उद्यापासून फुल बाह्यांचा अंगरखा, हातमोजे, मास्क. आज गरम होत होतं.

१८ मार्च

साच्यातून मॉडेल काढायचं होतं. थोडं ओढून पाहिलं, नाही आलं. मग सरळ छिन्नी घेतली, प्लास्टर फोडलं, थर्माकोल कोरून काढलं. दोन बादल्या भरल्या. आतला साचा असा गुळगुळीत दिसतोय की नजर ठरत नाही.

मॉडेल गेलं, म्हणजे आता दुसरी संधी नाही. पण संधी दुसरी लागते कुणाला? शिवाय एक गोष्ट सिद्ध झाली. काढणं अवघड नसतं. कोर्समध्ये तो भाग झोपेत गेल्याची रुखरुख होती, तीही गेली.

२३ मार्च

साच्याला आतून वॅक्स. हे महत्त्वाचं. वॅक्स नसेल तर माल साच्याला कायमचा धरून बसतो. कोर्समधलं हे पक्कं लक्षात आहे. तीन हात दिले, तिन्ही वेळा पुसून चकाकी आणली. हलगर्जीपणा माझ्या स्वभावात नाही.

बायको दारात उभी राहून बघत होती. नंतर म्हणाली, की ऑफिसात असताना तुम्ही कुठल्या कामात इतके गुंतलेले आठवत नाही. हे कौतुक होतं की काय ते कळलं नाही, पण मी कौतुक म्हणून लिहून ठेवतो.

दाढेला लवंगेचं तेल लावलं. थोडा वेळ बरं वाटलं.

२८ मार्च

प्रत्यक्ष माल. आधी पांढरा जेलकोट, तो बाहेरून दिसणारा थर. मग मॅट, रेझिन, मॅट, रेझिन. साचा उलटा ठेवलाय, दाढेचा माथा जमिनीकडे, मुळांची बाजू वर उघडी. आत वाकून काम करायचं. मध्ये बारीक असल्याने डोकं आणि एकच हात जातो.

वास भयंकर. तिसऱ्या थराला डोकं हलकं झालं, पाय जमिनीवरून सुटले आणि मी बारीक भागात अडकलो. हाक मारली, पण आवाज दाढेतच घुमला. बायको वर्ग सोडून आली आणि पाय धरून ओढलं. पाठोपाठ आठवी. एका बाहीचं कापड आतल्या थरात राहिलं. तेही आता कंपोझिटचा भाग आहे, ताकद वाढलीच असणार.

बायकोने माझ्या तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, हे सगळं एका रिसेप्शनच्या खुर्चीला घाबरून चाललंय का.

प्रश्न रोखठोक होता. मी म्हणालो, चौथा थर राहिलाय.

२ एप्रिल

चौथा थर वाळला. बोटाने टकटक केली. खणखणीत. आत हात घालून पाहिलं, कुठे पोकळ नाही, कुठे मऊ नाही. मुळांच्या कडेवर वजन टाकून बसलो, हूं की चूं नाही.

उद्या बाहेर काढायची. परवा धुऊन पॉलिश. पंधरा तारखेला फीत कापताना फोटो. दातांचे डॉक्टर एकमेकांना ओळखतात, ऑर्डरी येणार. मग डोळ्यांचे डॉक्टर. डोळा गोल असतो, दाढेहून सोपा. कानाचं बघू.

जेवताना बायकोला म्हटलं, की खोलीच्या दारावर पाटी कुठल्या रंगात करू. तिने आमटी वाढली.

३ एप्रिल

आज पूर्ण वेळ ओढण्यात गेला. आली नाही.

सुरुवातीला असं होतंच.

४ एप्रिल

लाकडाच्या पाचरी कडेने ठोकल्या. पाचरी फुटल्या.

५ एप्रिल, दुपार

खरं लिहायचं तर लिहितो, ही वही कुणी वाचणार नाही.

वर रुंद, मध्ये बारीक, खाली पुन्हा रुंद. माझ्याच अक्षरात लिहिलंय, फेब्रुवारीत. दाढेचा माथा बारीक भागातून वर येणार कसा? मी जिथे अडकलो तिथेच ती अडकणार. मी मऊ होतो म्हणून निघालो. वॅक्स लावलं, तीन हात लावलं, पण वॅक्सने माथा लहान होत नाही. मॉडेलही तसं अडकलंच होतं. मी ते फोडलं आणि काढलं असं लिहिलं.

साचा कापला तर दाढ निघेल. पण साचा आणि दाढ यांच्यात वॅक्सपुरतीच फट आहे. ग्राइंडर दोन्हीतून जाईल, आणि दोन्हीकडून चिरलेली दाढ हातात येईल. न कापावी तर पेपर चिकटलेला एक खडबडीत डमरू.

भीती वाटते आहे. दाढेची नाही. पंधरा तारखेनंतर सकाळी उठून मेहुण्याच्या दवाखान्यात जायचं, आणि ओळखीचं कुणी आलं की मान वर करून बघायचं, त्याची.

संध्याकाळ. वरचा मजकूर दाढ दुखत असताना लिहिला आहे. तो धरू नये. उपाय निघेल.

८ एप्रिल

काकांचे उपाय. गरम पाण्याने बाहेरचा साचा फुगेल, बर्फाने आतली दाढ आक्रसेल. दोन्ही केलं. फक्त फरशी ओली झाली. मग साबणाचं पाणी. मग काका म्हणाले, जोर लागत नाहीये.

दाढेच्या कडेला भोकं पाडून दोर ओवला. साचा खिडकीच्या गजांना बांधला. दोर दारातून अंगणात नेला आणि त्याला आठवी लावली. बायको हिशोब बघत उभी होती, तिने विद्यार्थ्यांना बलाचा एक प्रश्नही घातला. एक, दोन, तीन म्हटलं आणि आवाज आला. सगळे मागे पडले. मी ओरडलो, आली!

गज आले होते. दाढ साच्यात, साचा गजांसकट अंगणात. फरशीवर माझी डावी चप्पल मात्र मोकळी झाली, एवढीच जमेची बाजू. तळ तिथेच राहिला.

११ एप्रिल

मेहुणा स्वतः आला. येताना बॅटरी आणली. साचा पुन्हा खोलीत आणलाय. तिथे दिवा असून त्याने बॅटरीनेच आत पाहिलं. बोटांनी कडेने चाचपलं, टकटक केली, अंगठा टेकवून दाढ मागेपुढे डोलवायचा प्रयत्न केला. जवळ बसून हळू आवाजात म्हणाला, भाऊजी, ही अशी निघणार नाही. तुकडे करून काढावी लागेल. मी म्हणालो, एकसंध. त्याने खांद्यावर हात ठेवला. तो पेशंटच्या खांद्यावर ठेवतो तो हात होता.

मग म्हणाला, काळजी करू नका. दवाखान्यापुढे लावायला दाढेच्या आकाराचा बोर्ड तयार आहे, दिव्याचा. फेब्रुवारीतच सांगून ठेवला होता, म्हटलं असावा एक.

फेब्रुवारीतच. म्हणजे मी थर्माकोल चिकटवत होतो तेव्हा.

बोललं कोण तर बायको. तिला हे माहीत नव्हतं. भावाला म्हणाली, की तुझ्या मनात नव्हतं तर ‘करा’ कशाला म्हणालास. माणूस दोन महिने राबतोय, अंगाची सालटं निघालीत, जेवण धड चावत नाही, आणि तू बोर्ड करून ठेवलास. जमलं नसतं तर नसतं, पण जमेल असं एक दिवस तरी धरून चालायचं होतं. तो म्हणाला, ताई, तूच तर म्हणाली होतीस जमणार नाही. ती म्हणाली, मी म्हणेन. मी बायको आहे. तू का म्हणतोस.

आपलेच दात, आपलेच ओठ. दोघं जेवायला थांबले नाहीत, म्हणजे तो थांबला नाही आणि तिने थांबवलं नाही. दाढ तेवढ्यापुरती दुखायची थांबली होती. नंतर पुन्हा सुरू झाली.

१५ एप्रिल

दवाखान्याचं उद्घाटन. बोर्ड चांगला आहे. रात्री लागतो, सकाळी विझतो. चपटा आहे, पण लोकांना चालतो असं दिसलं.

बहीणभावाचं बोलणं परत सुरू झालं. मेहुण्याने रिसेप्शनची खुर्ची दाखवली. फिरती आहे. त्याला म्हटलं, सोमवारी बघू. तो म्हणाला, सोमवारी या, आधी ती तुमची दाढ बघतो, दुखऱ्या तोंडाने फोन कसे घेणार.

घरी येताना बायको म्हणाली, की खोली आज लगेच नको, सावकाश रिकामी करा. मी म्हणालो, शब्द म्हणजे शब्द. तिने पुढे काही म्हटलं नाही. या विषयावर अवाक्षर काढणार नाही असं ती म्हणाली होती, पण ते दाढ उभी राहिली तर.

१७ एप्रिल

खोली रिकामी केली. रेझिन, मॅट, ब्रश दुकानदाराला परत. राहिला तो डमरू. भंगारवाला म्हणाला, फोडून द्या, अख्खं नेणार नाही. हातोडा मारला. हातोडा उसळून हातातून गेला. काकांनी मारला, मग आठवीतल्या दांडग्या मुलाने मारला. साधा टवका नाही. आत चार थर, बाहेर पाच, मध्ये वॅक्स. कोर्समध्ये सांगितलेलं खरं निघालं, फक्त ते विकायचं होतं, फोडायचं नव्हतं.

शेवटी बायकोनेच तो फळ्याखाली आडवा सरकवला आणि दोन्ही रुंद टोकांवर एक फळी बांधली. वर्ग मोठा झाला म्हणून मोठा फळा आणलाय, त्याच्या वरच्या ओळीला तिचा हात पोहोचत नाही. आता ती त्यावर चढते. मुलंही चढतात, एका वेळी चारसुद्धा. एकाने विचारलं, बाई, हे मोडलं तर? तिने सांगितलं, आमच्या ह्यांनी केलंय, नाही मोडायचं.

मी दाराआड होतो. हे तिने मला ऐकू यावं म्हणून म्हटलं की नाही, ते कळलं नाही.

काकांनी शब्दकोड्यातला शेवटचा आडवा शब्द भरला. आता ते खाली येणार नाहीत बहुधा.

संकल्प: डोळ्यांच्या डॉक्टरांना भेटायचं. डोळा गोल असतो. साचा दोन भागांत.

२० एप्रिल, दवाखाना

खुर्ची फिरते. फोन काळा आहे.

सकाळी मेहुण्याने आ करायला लावलं, बॅटरी मारली, हळूहळू डोलवलं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले होते. मला वाटलं अजून सुरुवात व्हायची आहे, तेवढ्यात त्याने समोरच्या ट्रेमध्ये काहीतरी टाकलं. टक्क आवाज झाला.

बघितली. वर रुंद, मध्ये बारीक, खाली पुन्हा रुंद. दोन्ही मुळं शाबूत. कुठे चिरलेली नाही, जोड नाही. माझ्या आत इतकी वर्षं होती, आणि हा माणूस एप्रनला डाग न पडता काढतो. कशी काढलीस म्हणून विचारलं, पण तोंडात कापूस होता, त्याला काही कळलं नाही. म्हणाला, बोलू नका, अर्धा तास कापूस दाबून धरा, फोन आला तर नुसता उचला.

कागदात गुंडाळून खिशात ठेवली आहे. नमुना म्हणून. पुढेमागे लागेल.

फोन वाजला. पहिलाच. उचलला. बायको होती. विचारत होती, निघाली का, आणि अख्खी निघाली का.

मी नुसतं हं म्हणालो.